ओळखपत्र, सुरक्षितता आणि संशयाचे गणित

एखादा मोठा घातपात झाला की काही दिवसांतच एक मागणी हमखास पुढे येते : प्रत्येक माणसाजवळ सरकारी ओळखपत्र असलेच पाहिजे आणि ते जागोजागी तपासले गेले पाहिजे. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या ज्या देशांत अशी योजना आली, त्यांपैकी अनेक ठिकाणी लोकांच्या मनात तिच्याविषयी अविश्वासही निर्माण झाला. असा अविश्वास म्हणजे अज्ञान, असे सुशिक्षित मंडळी पुष्कळदा गृहीत धरतात. या अविश्वासाचा बराचसा भाग साध्या अंकगणितावर आणि उरलेला इतिहासाच्या अनुभवावर उभा आहे, हे या लेखात आम्ही दाखवणार आहोत. दहावीपर्यंतची टक्केवारी येत असेल तर त्यातले गणित कोणालाही करून पाहता येईल.

कार्ड कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते?

समोर आलेल्या माणसाचे ओळखपत्र आपण तपासतो, तेव्हा खरे तर तीन वेगवेगळे प्रश्न विचारत असतो. पहिला, हे कार्ड खरे आहे का? दुसरा, ते दाखवणारा माणूस कार्डावरचाच आहे का? तिसरा, या माणसापासून धोका आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञान कमीअधिक अचूकतेने देऊ शकते. तिसऱ्याचे उत्तर कार्डात नसतेच, कारण माणसाचा हेतू कोणत्याही कार्डावर छापलेला नसतो.

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला करणाऱ्यांजवळ भारतीय नावांची खोटी विद्यार्थी-ओळखपत्रे होती. येथे पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे होते. परंतु ते समुद्रमार्गे आले आणि कार्ड पाहण्याची वेळ येण्यापूर्वीच हल्ला सुरू झाला. लंडनमध्ये ७ जुलै २००५ रोजी स्फोट घडवणाऱ्या चौघांजवळ तर स्वतःच्या खऱ्या नावांची कागदपत्रे होती. पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’, आणि तरीही अनर्थ झाला. तेव्हाचे ब्रिटिश गृहमंत्री चार्ल्स क्लार्क हे राष्ट्रीय ओळखपत्राचे पुरस्कर्ते होते. पण ओळखपत्र असते तर हे स्फोट टळले असते असे वाटत नाही, हे त्यांनीही मान्य केले. स्पेनमध्ये राष्ट्रीय ओळखपत्र कित्येक दशकांपासून सक्तीचे आहे. तरी मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांमधील स्फोटांत १९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

याचा अर्थ ओळखपत्र निरुपयोगी आहे असा नाही. मुंबईच्या हल्ल्यानंतर सागरी मच्छीमारांना बायोमेट्रिक, म्हणजे शरीरावरच्या खुणांशी जोडलेली, ओळखपत्रे देण्याची योजना निघाली. समुद्रात अडवलेल्या एका नावेवर सात-आठ माणसे असतात आणि प्रश्न एवढाच असतो की, ही माणसे नोंदलेल्या खलाशांपैकी आहेत का. प्रश्न लहान आणि नेमका असला की कार्ड चांगले काम करते. अडचण सुरू होते ती प्रश्न मोठा आणि धूसर झाल्यावर.

आपल्याकडील वाटचाल

आपल्याकडे छायाचित्रासह ओळखपत्र घरोघरी पोहोचू लागले ते मतदारयादीच्या निमित्ताने. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात, १९९३ मध्ये, त्याचा आदेश निघाला. राष्ट्रीय ओळखपत्राची कल्पना मात्र सुरक्षेच्या विचारातून पुढे आली. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या समितीने सीमाभागातील रहिवाशांना ओळखपत्रे देण्याची शिफारस केली. २००१ मध्ये मंत्रिगटाने बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्र सुचवले. आणि २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात त्याची तरतूद झाली.

२००९ मध्ये विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झाले तेव्हा भर बदलला. आता मुख्य उद्देश सरकारी लाभ योग्य माणसाला पोहोचवणे हा सांगितला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधार हे मुळात कार्ड नाही, तो बारा अंकी क्रमांक आहे. तो रहिवाशाला मिळतो. तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिले आहे.

या क्रमांकाची रचना गणिताच्या शिक्षकांना आवडण्यासारखी आहे. बारावा अंक हा तपासणीचा अंक असतो आणि तो आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो. त्यासाठी डच गणिती व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली रीत वापरली जाते. लिहिताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही रीत ती चूक हमखास पकडते. पण ती फक्त हातून झालेली चूक पकडते, लबाडी नव्हे. रीत प्रसिद्ध असल्यामुळे तपासणीत बसणारा खोटा क्रमांक कोणीही तयार करू शकतो. त्यामुळे कार्डाची नुसती झेरॉक्स घेऊन फाईलला लावणे म्हणजे पडताळणी नव्हे. कार्डावरच्या चौकोनी क्यूआर संकेतात प्राधिकरणाची संगणकीय सही असते; तो संकेत अधिकृत ॲपने वाचला तरच पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. शिवाय दिलेली प्रत पुढे कोणाच्या हाती जाईल, हे देणाऱ्याला कळत नाही ते वेगळेच.

ठसा जुळतो म्हणजे काय?

दुसऱ्या प्रश्नासाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांतील बुबुळाची नक्षी वापरतात. ठशांचा प्रशासकीय वापर सुरू झाला तो भारतातच. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालमध्ये एका करारपत्रावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. पुढे कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली. ती एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय उघडले.

संगणक दोन ठसे ‘एकच’ किंवा ‘वेगळे’ असे थेट सांगत नाही. एकाच बोटाचे दोन ठसेही तंतोतंत सारखे उमटत नाहीत. दाब, ओलावा, धूळ, कोन यांनी फरक पडतो. म्हणून संगणक साम्याचे गुण काढतो आणि ते ठरावीक मर्यादेच्या वर गेले तर ‘जुळले’ म्हणतो. येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. मर्यादा सैल ठेवली तर परक्याचा ठसाही जुळतो. कडक ठेवली तर खऱ्या माणसालाच ‘तू तो नव्हेस’ असे उत्तर मिळते. एक चूक कमी करायला जावे तर दुसरी वाढते. यंत्र सुधारले की दोन्ही कमी होतात, पण शून्य होत नाहीत.

दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा, हुपरीत चांदी घासणारा, उसाच्या फडात कोयता चालवणारा, यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. वृद्धांच्याही पुसट होतात. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढे दिलेल्या आकड्यांनुसार सरकारी सेवांमधील पडताळणीच्या यशाचे प्रमाण ८८ टक्के होते. उरलेल्या प्रत्येक वेळी माणसाला लाभ नाकारला गेला असे नव्हे, कारण पुन्हा प्रयत्न करता येतो, दुसरे मार्गही असतात. पण रेशन दुकानापुढे दिवसाची मजुरी बुडवून उभ्या असलेल्या बाईला यंत्राने नाकारले, तर तिचा अविश्वास अज्ञानातून आलेला नाही, एवढे तरी आपण मान्य केले पाहिजे.

ठशाची आणखी एक मर्यादा आहे. जपानमधील संशोधक त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्ये जिलेटिनच्या बनावट बोटांनी अनेक ठसावाचक यंत्रांना फसवून दाखवले. २०१८ मध्ये तेलंगणात जमिनीच्या नोंदणी-दस्तांवरील अंगठ्यांच्या ठशांवरून प्रती करून सिमकार्डे चालू केल्याचा प्रकार उघडकीस आला. कुलूप फुटले तर बदलता येते, संकेतशब्द फुटला तर नवा घेता येतो. बोट बदलता येत नाही.

गोव्यातील प्रकरण

या गणिताचा सुरक्षेशी थेट संबंध आला तो गोव्यात. २०१३ च्या जानेवारीत वास्को येथील एका शाळेत लहान मुलीवर अत्याचार झाला. गुन्हा अतिशय संतापजनक होता. घटनास्थळी काही ठसे मिळाले. ते गोव्यातील सर्व आधारधारकांच्या ठशांशी पडताळून पाहावेत यासाठी केंद्रीय अन्वेषण विभागाने माहिती मागितली आणि ती देण्याचा न्यायालयीन आदेशही झाला. प्राधिकरणाने त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिची बायोमेट्रिक माहिती कोणत्याही यंत्रणेला देऊ नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१४ रोजी दिला.

‘गुन्हेगार सापडणार असेल तर ठसे द्यायला हरकत काय?’ हा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर आकड्यांतून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. समजा, घटनास्थळी मिळालेला एका बोटाचा अर्धवट ठसा परक्या ठशाशी चुकून जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक आहे. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. ऐकायला ही अचूकता उत्तम वाटते. पण साडेचौदा लाख ठशांशी तुलना केली की सुमारे १४६ निरपराध माणसांचे ठसे ‘जुळतात’. त्यांत खरा गुन्हेगार फार तर एक. त्याची नोंदच झाली नसेल तर एकही नाही. त्या १४६ जणांच्या दारात पोलीस उभे राहिले तर त्यांनी आपले निर्दोषत्व कसे सिद्ध करायचे?

आता उलट विचार करू. पोलिसांनी साक्षी-पुराव्यांवरून तपास करत पाच संशयित निश्चित केले आणि तोच ठसा त्या पाच जणांच्या ठशांशी पडताळला. आता निरपराध माणूस चुकून अडकण्याची शक्यता सुमारे दोन हजारांत एक एवढीच उरते. ठसा तोच, यंत्र तेच, अचूकताही तीच. फरक पडला तो किती लोकांत शोधले याने. म्हणूनच ‘हा तोच आहे का’ अशी पडताळणी आणि ‘हा कोण आहे’ असा सगळ्यांत शोध, या दोन क्रिया विज्ञानाच्या दृष्टीने अगदी भिन्न आहेत.

नोंदणीच्या वेळी दहाही बोटे आणि दोन्ही बुबुळे घेतली जातात, त्यामुळे तेथील चुका पुष्कळ कमी असतात. प्राधिकरणाच्या २०१२ च्या अहवालात, ८.४ कोटी नोंदी असताना, नव्या माणसाला चुकून ‘आधीच नोंदलेला’ ठरवण्याचे प्रमाण ०.०५७ टक्के दिले आहे. हेच प्रमाण १२० कोटींना लावले तर ६,८४,००० माणसे होतात. शिवाय नोंदी वाढतात तशा प्रत्येक नव्या माणसामागे कराव्या लागणाऱ्या तुलनाही वाढतात, त्यामुळे प्रमाण तेवढेच राहील असेही नाही.

गवताच्या गंजीतील सुई

तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे धोक्याकडे, वळू. समजा, ओळखपत्राशी माणसाचा प्रवास, खाते, फोन इत्यादी सर्व माहिती जोडली आणि तीवरून धोकादायक व्यक्ती हुडकणारी संगणकप्रणाली तयार केली. ती ९९.९ टक्के अचूक आहे असे मानू. प्रत्यक्षात इतकी अचूक प्रणाली असणे फार कठीण आहे. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ३८,७६,००१ होती. त्यांत खरोखर धोकादायक माणसे दहा आहेत असे समजू.

प्रणाली ते दहा जण बहुधा पकडेल. पण उरलेल्या सुमारे पावणेएकोणचाळीस लाखांपैकी ०.१ टक्का, म्हणजे ३,८७६ निरपराध माणसांवरही ती बोट ठेवेल. एकूण ३,८८६ संशयित, त्यांत खरे दहा. म्हणजे साधारण ३८९ मध्ये एक. एका माणसाची चौकशी करायला एका पोलिसाला एक दिवस लागतो असे धरले, तर सर्वांची चौकशी करण्यात एका पोलिसाची साडेदहा वर्षे जातील. अचूकता ९९.९९ टक्के केली तरी चाळिसांत एकच खरा असतो.

ही चूक यंत्राच्या हलक्या दर्जामुळे होत नाही. शोधायची गोष्ट फार दुर्मिळ आणि तपासायची संख्या फार मोठी असल्यामुळे होते. संभाव्यता शिकवताना हा मुद्दा अवश्य मांडावा. दुर्मिळ रोगासाठी सरसकट सर्वांची तपासणी करताना वैद्यकालाही हीच अडचण येते.

इतिहासाने शिकवलेले

गणिताखेरीज अविश्वासाला दुसराही आधार आहे : नोंद एका कामासाठी होते आणि वापर दुसऱ्याच कामासाठी. आपल्याकडे सुरक्षेच्या नावाखाली नोंदणीचा सर्वांत कटू अनुभव विमुक्त जमातींना आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातीच गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद केली. पुढे ठसे घेणे, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, हे सारे आले. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांना हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. देशात हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. ज्यांच्या आजोबांनी हजेरी दिली, त्यांच्या नातवाने नव्या नोंदवहीकडे सावधपणे पाहिले तर नवल नाही.

दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांवर ठशांसह नोंदणीची सक्ती केली, तेव्हा गांधीजींच्या नेतृत्वाखाली १९०८ च्या ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गला नोंदणीपत्रांची होळी झाली. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंदवही अतिशय काटेकोर होती. जर्मन आक्रमणानंतर तीच नोंदवही आणि ज्यूंच्या ओळखपत्रांवरील अक्षर त्यांना हुडकण्यासाठी वापरले गेले. सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. नोंदवही करणाऱ्यांचा मूळ हेतू तसा नव्हता. पण नोंदवही सत्तेबरोबर हस्तांतरित होते.

ब्रिटनमध्ये १९३९ साली युद्धासाठी ओळखपत्रे आली, तेव्हा त्यांचे उपयोग तीन सांगितले होते. १९५० पर्यंत ३९ सरकारी खाती ती वापरू लागली. क्लॅरन्स विलकॉक या वाहनचालकाने पोलिसाला कार्ड दाखवायला नकार दिला. १९५१ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी तर ठरवले, पण युद्ध संपल्यावरही अशी कार्डे मागत राहिल्याने लोक आणि पोलीस यांच्यातील सद्भाव बिघडतो, असा अभिप्राय दिला. १९५२ मध्ये कार्डे बंद झाली. २००६ मध्ये तेथे पुन्हा ओळखपत्राचा कायदा झाला आणि २०१० मध्ये तो रद्द झाला.

दुसरी बाजू

ओळखीचा कोणताही कागद नसणे हेही मोठे संकट असते. स्थलांतरित मजुराला बँकेत खाते उघडता येत नाही, निराधार वृद्धेला पेन्शन मिळत नाही, एकाच्या नावावर दुसराच लाभ घेतो. या अडचणींवर ओळख-क्रमांकाचा उपयोग झाला आहे. तो येथे चालतो, कारण प्रश्न ‘हा तोच आहे का’ एवढाच असतो, आणि चूक झाली तर हाताने दुरुस्त करण्याची सोय ठेवता येते. जेथे ती सोय ठेवलेली नसते, तेथे हेच साधन अन्याय करते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार कायदा चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरवताना त्याला मर्यादाही घातल्या. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर माहिती उघड करण्याची तरतूद त्या स्वरूपात रद्द झाली. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असेही त्या निकालात स्पष्ट झाले.

शिक्षकांसाठी

हा विषय शिक्षकांपासून दूरचा नाही. महाराष्ट्रात २०२२-२३ च्या संचमान्यतेसाठी आधार-वैध विद्यार्थी धरले गेले, आणि नावातील एका वेलांटीच्या फरकाने पटावरचा प्रत्यक्ष बसलेला मुलगा ‘अवैध’ कसा ठरतो, हे अनेक मुख्याध्यापकांनी पाहिले. शाळेच्या कपाटातील प्रतींची जबाबदारीही शाळेचीच असते. काम झाल्यावर त्या नष्ट कराव्यात, फळ्यावर किंवा गटसंदेशात पूर्ण क्रमांक लिहू नयेत, जमेल तेथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्यावी.

वर्गात पुढील गोष्टी करून पाहता येतील :

१. प्रत्येकाने अंगठ्यावर पेन्सिलीचे शिसे घासून, चिकटपट्टीने ठसा उचलून कागदावर लावावा. त्याच अंगठ्याचे पाच ठसे काढून ते कितपत सारखे येतात ते पाहावे. तासाच्या शेवटी ठसे ज्याचे त्याने फाडून टाकावेत. ते का, यावरही चर्चा करावी.

२. कोल्हापूरचे वरील उदाहरण आपल्या तालुक्याची लोकसंख्या घेऊन सोडवावे. अचूकता ९९, ९९.९ आणि ९९.९९ टक्के धरून येणाऱ्या उत्तरांचा तक्ता करावा.

३. घरच्यांना विचारून गेल्या वर्षभरात ओळखपत्राची प्रत कुठे कुठे दिली याची यादी करावी. प्रत्येक ठिकाणी प्रश्न ‘हा तोच आहे का’ असा होता, की प्रश्नच नव्हता, हे लिहावे.

कोणतीही नवी ओळख-योजना पुढे आली की चार गोष्टी विचाराव्यात : ती नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे? किती लोकांत शोध घेणार आहे? चूक झाली तर ती कोणी आणि किती दिवसांत दुरुस्त करायची? आणि आज घेतलेली नोंद उद्या कोणाच्या हाती जाऊ शकते? या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर विश्वास आपोआप निर्माण होईल. ती मिळेपर्यंत लोकांनी संशय घ्यावा, हेच वैज्ञानिक दृष्टीला धरून आहे.